म्हण बघू, 'कावळा'!

पाहुणे बसलेले असतात. आजोबा साडेतीन वर्षांच्या नातीला पुढे करतात, "म्हण बघू, कावळा!" नात म्हणते, "तावला." हशा पिकतो. परत "कावळा म्हण," परत "तावला." चौथ्या वेळी पोरगी आईमागे लपते आणि मग कावळा दिसला तरी नुसतं बोट दाखवते.

गंमत अशी, की आजोबांनी स्वतः "तावला" म्हटलं तर हीच नात चिडेल, "तावला नाही, तावला!" जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अभ्यासकांनी १९६० साली असाच एक इंग्रजी बोलणारा मुलगा नोंदवला. तो स्वतः 'फिश'ला 'फिस' म्हणायचा, पण मोठ्यांनी 'फिस' म्हटलेलं त्याला चालायचं नाही. शब्द डोक्यात बरोबर बसलेला असतो, जीभ तिथवर पोचलेली नसते. त्यामुळे दटावून काही साधत नाही.

आपली वर्णमाला घशापासून ओठांकडे येते, मुलं साधारण उलटी निघतात. प-ब-म ओठांवर दिसतात, म्हणून मामा, बाबा, पापा आधी. 'क' जिभेच्या मागच्या भागाने, आत कुठेतरी होतो. तो दिसणार कसा? र आणि ळ रेंगाळतात, 'र' तर कित्येकांचा पाच-सहा वर्षांपर्यंत. (वऱ्हाडातली आजी शाळेला 'शाया' म्हणत असेल आणि नातूही तेच म्हणत असेल, तर तो दोष नव्हे, ती बोली आहे.)

"तावला" ऐकल्यावर एवढंच म्हणावं, "हो गं, कावळा! काळा कावळा. कुठे बसलाय कावळा?" शब्द बरोबर होऊन तिच्या कानावर तीनदा पडला, आणि तिला परत म्हणायला लावलं नाही. 'क'साठी आणखी एक युक्ती: उताणं झोपवून 'का, की, कू' म्हणायला लावा. जीभ आपोआप मागे सरकते. चूळ भरताना पाणी घशात खळखळवणं हीसुद्धा त्याच जागेची ओळख.

मला सगळ्यात आवडतो तो चित्रांचा खेळ. एका कागदावर कार, दुसऱ्यावर तार. मुलीला कार हवी असते, ती म्हणते "तार दे." आपण निरागस चेहऱ्याने तार द्यायची. "ही नाही!" इथे तिला पहिल्यांदा कळतं की जीभ पुढे लागली की वस्तूच बदलते. ळ-साठी गाल-गाळ, माल-माळ अशा जोड्या निघतात. पाच मिनिटं पुरे; कंटाळा दिसला की खेळ बंद.

फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं यांनी करमणूक होते, 'क' येत नाही. वेखंड उगाळून जिभेवर लावल्यानेही नाही. "जीभ खाली चिकटली आहे, कापून घ्या" असा सल्लाही सर्रास मिळतो. पण 'क' होतो जिभेच्या मागच्या भागाने, आणि चिकटलेलं असतं ते टोकाकडे. तेव्हा कात्रीआधी कान तपासा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, बोलणं दबलेलं ऐकू येतं. जे नीट ऐकूच येत नाही ते मूल उच्चारणार कसं?

तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्याला बरंचसं आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं कळायला हवं. तसं नसेल, तर शाळेत गेल्यावर सुधारेल म्हणून थांबू नये, वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जावं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. जाताना मुलगी भातुकली खेळताना तिच्या नकळत फोनवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून न्या. नव्या खोलीत, नव्या माणसासमोर "म्हण बघू" झालं, की ती तोंड उघडणार नाही.