लॅपटॉपचा कारभारी बदलताना

आपल्या नांदेड-लातूरकडे पाडव्याला सालगडी बदलतो. शेत मात्र तेच राहते. लॅपटॉपचेही तसेच आहे. त्याच्या आत एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात.

पुष्कळ घरी विंडोज १० हा कारभारी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची डागडुजी कंपनीने थांबवली. कुंपण मोडले की जनावर शिरते. डागडुजी थांबली की चोर शिरतो. विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर चालत नाही. मग लॅपटॉप भंगारात घालावा काय? नाही. लिनक्स आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली ते सुरू केले. ते फुकट मिळते. त्यात मराठीही लिहिता येते. आपल्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' नावाचे लिनक्स काढले आहे.

पण सांभाळा! सालगडी बदलला तरी कणगीतले धान्य राहते. इथे जुनी डिस्क पुसली, की लेकरांच्या गुणपत्रिका, सातबारा, लग्नाचे फोटो सगळे जाते. म्हणून आधी सगळ्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ती उघडून पाहावी. मग दुसऱ्या, रिकाम्या पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून बघावे. वायफाय लागते का? छपाई होते का? पटले, तरच कारभारी बदलावा.