गधेगाळीपासून ग्रामसभेपर्यंत

शिलाहार राजांच्या अमदानीत देवस्थानाला किंवा ब्राह्मणाला भूमिदान झाले, म्हणजे त्याची साक्ष म्हणून जी शिळा उभी करीत, तिच्या शिरोभागी सूर्य आणि चंद्र, मध्ये दानाचा मजकूर आणि तळाशी एक गाढव व एक स्त्री अशा अवस्थेत कोरलेली असत, की तिचे वर्णन छापण्याचे धैर्य रविवारच्या पुरवणीलाही होऊ नये. सूर्यचंद्र असेतो हे दान चालावे आणि जो त्यात खलेल करील त्याच्या मातेची ही गत व्हावी, असा त्याचा अर्थ. निरक्षर रयतेलाही तो कळावा, म्हणून चित्राची योजना. या शिळेला गधेगाळ म्हणतात. मुंबईत परळ येथे सापडलेल्या अपरादित्याच्या शके 1108 च्या लेखात तर दानाचा तपशील गीर्वाणभाषेत आहे आणि अखेरची शिवी तेवढी मराठीत. आईवरून धाक घालायचा तर तो मायबोलीतच घातला पाहिजे, हे त्या राजाच्या कारकुनाला पुरते उमगले होते.

कसूर करणार पुरुष आणि विटंबना त्याच्या आईची, हा दंडक आठशे वर्षांत तसूभरही ढळलेला नाही. बांधाचा तंटा असो की रस्त्यात गाडीला गाडी घासलेली असो, दोन पुरुष एकमेकांच्या ज्या आप्त स्त्रियांचा उद्धार करतात, त्या बिचाऱ्या त्या घटकेस घरी भाकऱ्या थापीत असतात. उलट बायकांच्या तोंडी असलेले ‘मेल्या’, ‘मुडद्या’, ‘तुझं वाटोळं होवो’ हे उद्गार थेट ज्याचे त्यालाच पोहोचतात, आणि कोकणातल्या आजीच्या मुखातून आलेला ‘मेल्या’ तर नातवाला आशीर्वादाहून गोड लागतो. प्रदेशपरत्वेही अर्थ पालटतो: कोल्हापुराकडे जिवलग मित्राला हाक मारताना जो शब्द सहजी ओठावर येतो, तोच पुण्याच्या सदाशिव पेठेत उच्चारला तर स्नेह कायमचा तुटावा.

आपल्या पूर्वजांनी शिवीला हद्दपार केले नाही, तिला जागा आणि तिथी नेमून दिली. शिमग्यात बोंब मारण्याची मुभा त्यातलीच. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर जमून, वाद्यांच्या गजरात, हातवारे करीत परस्परांना मनसोक्त शिव्या देतात. हा बोरीचा बार. दोन गावांतल्या दोन सवतींच्या भांडणातून तो निघाला असे सांगतात. दंतकथेचे काही असो. वर्षभर सासरी जे गिळावे लागते, त्याचा निचरा व्हायला एक दिवस आणि एक ओढा राखून ठेवणाऱ्या त्या वहिवाटीत मला असभ्यतेपेक्षा शहाणपण अधिक दिसते.

सरकारी कायदा शिवीकडे निराळ्या नजरेने पाहतो. सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारून इतरांना उपद्रव दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. परंतु शब्द शिवराळ आहे एवढ्यावरून तो अश्लील ठरत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये दिला. निवाडा योग्यच आहे. मात्र अश्लील काय याचा कीस काढताना, शिवी कोणाच्या नावाने दिली गेली हा प्रश्न बाजूला राहतो.

तो प्रश्न नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नेमका पकडला. 2024 च्या नोव्हेंबरात तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्यास पाचशे रुपये दंड व्हावा. ठराव सरसकट शिवराळपणावर नाही, आईबहिणीवर आहे, आणि म्हणूनच तो मला कायद्याच्या कलमाहून मार्मिक वाटतो. त्या ग्रामसभेत मला बसता आले असते तर माझा हात वर गेला असता. ‘मेल्या’ आणि ‘मुडद्या’ यांना दंड माफ असावा, एवढी दुरुस्ती मात्र मी सुचवली असती.