महाराष्ट्रातील मापन एककांचा मिश्र वापर

महाराष्ट्रातील दैनंदिन व्यवहारांत दशमान (मेट्रिक) एककांबरोबरच फूट, इंच, एकर ही ब्रिटिश आणि गुंठा, तोळा ही पारंपरिक एककेही प्रचलित आहेत. एकाच व्यवहारात दोन पद्धती एकत्र आल्यास हिशेबात तफावत पडण्याचा संभव असतो.

पार्श्वभूमी

भारतात वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ साली संमत झाला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली आणि १९५८ पासून दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर व मण यांची जागा किलोग्रॅमने घेतली. मात्र काही क्षेत्रांत जुनी एकके टिकून राहिली.

दैनंदिन उदाहरणे

व्यक्तीचे वजन किलोग्रॅममध्ये, तर उंची फूट-इंचांत सांगितली जाते. हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये, तर ताप बहुधा फॅरनहाइटमध्ये मोजतात. कापड मीटरवर विकत घेतले जाते, पण शिंपी मापे इंचांत घेतो. बांधकामात सळईची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात, तर वाळू व खडी ब्रासने मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. मूळ तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा असला, तरी सराफी व्यवहारात आता १० ग्रॅमलाच तोळा म्हणण्याचा प्रघात आहे.

जमिनीचे क्षेत्र

सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर या एककांत नोंदवलेले असते. खरेदी-विक्रीची बोलणी मात्र एकर व गुंठ्यांत होतात.

१ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १,०८९ चौरस फूट (सुमारे १०१.१७ चौरस मीटर)
१ एकर = ४० गुंठे
१ आर = १०० चौरस मीटर
१ हेक्टर = १०० आर (सुमारे २.४७ एकर)

गुंठा आणि आर जवळजवळ सारखे असल्याने ते एकच समजले जाण्याची शक्यता असते. परंतु उताऱ्यावरील ४० आर म्हणजे सुमारे ३९.५४ गुंठेच होतात. असे क्षेत्र पूर्ण एकर समजून घेतल्यास सुमारे ४६.८६ चौरस मीटर, म्हणजे ५०४ चौरस फूट, जमीन कमी पडते. हे क्षेत्र एका लहान सदनिकेएवढे आहे. त्यामुळे दर ठरवण्यापूर्वी उताऱ्यावरील आरांच्या संख्येस ०.९८८४ ने गुणून गुंठे काढणे आवश्यक ठरते.