चार जूनचे दोन बाजार

मांजरसुंब्याच्या फाट्यावर चार दिशांची माणसं भेटतात. धुळे-सोलापूर महामार्ग बीडकडून घाट चढून इथं बालाघाटाच्या माथ्यावर येतो. एक रस्ता पाटोदा-जामखेडवरून नगरला जातो, दुसरा केज-अंबाजोगाईकडे. कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जाणारेही इथूनच वळतात. दिवाळीच्या सुमारास रस्त्याकडेला सीताफळाच्या पाट्या लागतात आणि त्याच दिवसांत ऊसतोडीला निघालेल्या गाड्या संसार लादून घाट उतरतात. जिल्ह्याच्या मनात काय चाललंय, हे बीडच्या कचेऱ्यांत कळायच्या आधी इथल्या हॉटेलांच्या बाकड्यांवर कळतं.

४ जून २०२४ ला या बाकड्यांवर दिवसभर दोन आकडे बघितले जात होते. एक बीड लोकसभेचा, दुसरा सेन्सेक्सचा. दुसरा आकडा पाहणारी पोरंही आता गावागावांत आहेत. देशातल्या डिमॅट खात्यांनी त्या वर्षी पंधरा कोटींचा टप्पा ओलांडला होता आणि ती सगळी काही मुंबई-पुण्यातली नव्हती.

हे दोन आकडे एकत्र का बघितले गेले, हे कळायला आधी सार्वमताकडं बघायला हवं. आपल्या राज्यघटनेत राष्ट्रीय सार्वमताची तरतूद नाही. स्वतंत्र भारतात असे कौल झाले ते एखाद्या प्रदेशापुरते. जुनागडचा १९४८ चा आणि मराठी माणसाला जास्त जवळचा म्हणजे गोव्याचा. १६ जानेवारी १९६७ ला गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर मत दिलं. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. अवघ्या चौतीस हजारांच्या फरकानं गोवा वेगळा राहिला. देशपातळीवर मात्र सार्वमताची भूक आपण लोकसभेच्या निवडणुकीवरच भागवतो. प्रचारही तसाच होतो, एका माणसाला हो की नाही असा. २०२४ ची निवडणूक तशीच लढली गेली, निकालही तसाच वाचला गेला आणि बाजारानंही तो तसाच वाचला.

आधी शेअर बाजार. १ जूनला शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं आणि संध्याकाळी एक्झिट पोल आले. बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या, काहींनी चारशेचा उंबरठाही दाखवला. ३ जूनला, सोमवारी, सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळून ७६,४६८ वर बंद झाला. म्हणजे जो निकाल लागायचा होता त्याची किंमत बाजारानं आदल्या दिवशीच मोजून टाकली होती. मंगळवारी सकाळी आठला मतमोजणी सुरू झाली, सव्वानऊला बाजार उघडला आणि दुपारपर्यंत निर्देशांक सहा हजारांवर अंकांनी कोसळला. ही घसरण आठ टक्क्यांच्या वर होती. दहा टक्के झाली असती तर नियमानं व्यवहार काही काळ थांबवावे लागले असते. दिवसअखेर सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी खाली, ७२,०७९ वर थांबला. निफ्टी २१,८८४ वर आला. भाजपला २४० जागा मिळाल्या होत्या, आघाडीला २९३. सरकार त्यांचंच येणार होतं, पण स्वबळाचं बहुमत गेलं होतं.

त्या दिवशी काय पडलं आणि काय चढलं हेही बघण्यासारखं आहे. स्टेट बँक, एनटीपीसी, ओएनजीसी हे सरकारी कंपन्यांचे शेअर दहा टक्क्यांहून जास्त घसरले, अदानी पोर्ट्स वीस टक्क्यांहून जास्त. साबण-चहा विकणारी हिंदुस्तान युनिलिव्हर मात्र चढली. बाजाराचा हिशेब सरळ होता. सरकार कमजोर झालं तर रस्ते-बंदरं-वीज यांवरचा खर्च कमी होईल आणि मित्रपक्षांना सांभाळायला गावाकडं पैसा जास्त जाईल. गावात पैसा आला की साबण खपतो.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं की गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी रुपये बुडाले. हा आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण तो कसा काढतात हे समजून घ्यायला हवं. बाजारातल्या सगळ्या कंपन्यांचे सगळे शेअर गुणिले त्यांचा भाव, यातला दोन दिवसांचा फरक म्हणजे तो आकडा. ज्यानं त्या दिवशी विकलं नाही त्याच्या हातून काहीच गेलं नव्हतं. खरं गेलं ते घाबरून विकणाऱ्यांचं आणि उधारीच्या पैशावर वायदे खेळणाऱ्यांचं. यात छोटी माणसं होती आणि त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, कारण ४ जूनच्या आधी शेअर घेऊन ठेवा, असा सल्ला त्यांना थेट सत्तेतल्या बड्या नेत्यांकडून मिळाला होता. केंद्रीय गृहमंत्र्यांची तशी मुलाखत आली ती १३ मे रोजी, नेमकी बीडच्या मतदानाच्या दिवशी. मंत्र्यांनी शेअर घ्या म्हणून सांगणं मला आजही गैर वाटतं.

पण बाजार सावरला. ५ जूनला २,३०० अंक परत आले, सहाला आणखी, आणि ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला. म्हणजे निकालाआधीच्या उच्चांकाच्याही वर. तीन दिवस! असं पूर्वीही झालं आहे. १७ मे २००४ ला वाजपेयी सरकार गेल्यावर सेन्सेक्स एका दिवसात अकरा टक्के पडला होता, दोनदा व्यवहार थांबवावे लागले होते. ब्रिटननं २३ जून २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं ते ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी. दुसऱ्या दिवशी पौंड १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला, आपला सेन्सेक्सही सहाशे अंकांनी पडला. पण लंडनचा फुटसी १०० निर्देशांक २९ जूनलाच मतदानाआधीच्या पातळीवर परत आला. पौंडाला मात्र ते जमलं नाही आणि तिथली घरं, मित्रमंडळी, बापलेक या मतावरून दुभंगले ते वर्षानुवर्षं तसेच राहिले. निर्देशांक लवकर भरून येतो. त्याच्याखाली जे मोडतं त्याला वेळ लागतो.

बीडमध्ये हेच झालं, आणि मला सांगायचं आहे ते हेच.

बीडची मोजणी त्या दिवशी फेरीगणिक हेलकावत होती. कधी भाजपच्या पंकजा मुंडे पुढं, कधी विरोधी आघाडीचे बजरंग सोनवणे. २०१९ ला याच सोनवणेंचा पंकजा यांच्या बहीण प्रीतम मुंडेंनी १,६८,३६८ मतांनी पराभव केला होता. या वेळी शेअर बाजार बंद होऊन कित्येक तास उलटले तरी इथला फैसला होत नव्हता. रात्री उशिरा आकडा आला: सोनवणे ६,८३,९५०, पंकजा मुंडे ६,७७,३९७. पंधरा लाखांहून जास्त मतांत फरक ६,५५३ चा. अर्धा टक्काही नाही.

त्यामागं काय होतं हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत २९ ऑगस्ट २०२३ ला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, ऑक्टोबरअखेर बीडमध्ये आमदारांची घरं पेटली. मराठा आणि ओबीसी, बीडपुरतं बोलायचं तर मराठा आणि वंजारी, अशी रेघ मतदानाच्या आधीच ओढली गेली होती. निकालानं ती गडद केली. पराभव सहन न होऊन पंकजा मुंडे यांच्या काही समर्थकांनी जीव दिला. त्या घरांत त्या स्वतः गेल्या, रडल्या, असं करू नका म्हणून हात जोडले.

आणि मग दुसरा बाजार पडला. जिल्ह्यातल्या काही गावांत अमुक जातीच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, असं ठरल्याचे व्हिडिओ फिरू लागले. पोलिसांनी गुन्हे नोंदवले. समजूतदार माणसं मध्ये पडली, काही ठिकाणी लोकांनी शब्द मागंही घेतले. पण त्याची वेळ बघा. ७ जून, म्हणजे सेन्सेक्स उच्चांकाला गेला तो दिवस, हा मृगाच्या तोंडचा दिवस. पेरणी तोंडावर आलेली. या दिवसांत शेतकऱ्याच्या हातात रोकड नसते. तो कृषी सेवा केंद्रातून सोयाबीनचं बियाणं, डीएपीच्या गोण्या, तुरीची पिशवी उधार उचलतो आणि सुगीला, माल मोंढ्यात गेला की, फेडतो. या उधारीला कागद नसतो, तारण नसतं. असते ती दुकानदाराची वही आणि दोन घरांची जुनी ओळख.

फाट्याजवळच्या एका गावात असं एक दुकान मी पाहिलं आहे. लाल कापडाच्या बांधणीची लांब वही, एका पानावर एक घर. गावाचं नाव वर, खाली तारीख, माल, रक्कम, आणि कडेला ‘सुगीस देणे’. दुकानदार एका जातीचा, वहीतली निम्म्याहून जास्त नावं दुसऱ्या जातीची, काही पानं त्याच्या वडिलांच्या हातची. त्या जूनमध्ये काही घरं आली नाहीत, असं त्यानं सांगितलं. भांडण झालं नव्हतं, कोणी वाईट बोललं नव्हतं, फक्त आली नाहीत. ती तालुक्याला गेली, रोखीनं किंवा खासगी सावकाराच्या पैशानं घेऊन आली. जुनी बाकी कशी मागायची हा त्याला प्रश्न आणि जुनी बाकी द्यायला कोणत्या तोंडानं जायचं हा त्यांना. शेअरवाल्याला तीन दिवस थांबता येतं. सीताफळ तीन दिवसांत पिकून फुटतं आणि मृगाचा वाफसा तर त्याहूनही कमी वेळ टिकतो.

शेतमालाच्या भावानंही या मतात वाटा उचलला होता, हे विसरून चालणार नाही. केंद्रानं ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, ती उठवली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क लावून. सोयाबीनचा हमीभाव ४,६०० होता आणि शेतकरी त्याच्या खाली विकत होता. नाशिकमध्ये कांद्यानं रडवलं, मराठवाडा-विदर्भात सोयाबीन-कापसानं, अशा आशयाची कबुली निकालानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच दिली. सप्टेंबरात, विधानसभेच्या तोंडावर, खाद्यतेलाचं आयातशुल्क वाढवलं गेलं, कांद्याचं निर्यातशुल्क निम्म्यावर आलं. विधानसभेचा निकाल लागल्यावर, २५ नोव्हेंबरला, सेन्सेक्स ९९२ अंकांनी चढला. त्या दिवशीही मराठवाड्यातल्या मोंढ्यांत सोयाबीन ४,८९२ च्या नव्या हमीभावाखालीच विकलं जात होतं.

तरी भावाचा राग आणि गावाचा राग वेगळे. भावाचा राग सरकारवर निघतो, मतपेटीत संपतो. गावाचा राग शेजाऱ्यावर निघतो. आणि त्याला खतपाणी मिळतं ते आपल्या मोजणीच्या पद्धतीतून, याकडं कोणी फारसं लक्ष देत नाही.

मतदान गुप्त असतं, पण मतदान केंद्राचं मत गुप्त नसतं. प्रत्येक यंत्र वेगळं मोजतात आणि प्रत्येक केंद्राचा उमेदवारनिहाय आकडा ‘नमुना २०’ या तक्त्यात जाहीर होतो. एका केंद्रावर हजारभर मतदार. म्हणजे छोटं गाव असेल तर गावाचं, मोठं असेल तर वाडी-तांड्याचं मत उघडं पडतं. गाव बहुतांशी एका जातीचं असेल तर पुढचं सांगायलाच नको. निकाल लाख मतांनी लागला तर हे तक्ते कोणी वाचत नाही. साडेसहा हजारांनी लागला की प्रत्येक गाव गुन्हेगार ठरू शकतं, कारण दहा-पंधरा गावांनी मत फिरवलं असतं तरी निकाल उलटला असता. जूनमध्ये मोबाइलवर हे तक्ते फिरत होते आणि लोक बोटं ठेवून गावांची नावं वाचत होते.

ब्रिटनमध्ये एका पेटीतल्या मतपत्रिका दुसऱ्या पेटीतल्यांत मिसळल्याशिवाय मोजत नाहीत. आपल्याकडंही कागदी मतपत्रिकांच्या काळात, दहशतीची भीती असेल तिथं, केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र करून मोजायची सोय नियमांत होती. यंत्रं आली आणि ती सोय गेली. ती परत आणायला निवडणूक आयोगानं २००८ मध्ये ‘टोटलायझर’ सुचवला. हे एक जोडयंत्र आहे. चौदा मतदान यंत्रं त्याला जोडायची आणि एकत्रित बेरीजच बाहेर काढायची. विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारनं ती मानली नाही. केंद्रनिहाय आकडे पक्षांना कामाला उपयोगी पडतात, हे त्यामागचं एक कारण. पक्षांना ते उपयोगी पडतात यात शंका नाही. पण कोणत्या गावाला पाणी-रस्ता द्यायचा आणि कोणाला ताटकळत ठेवायचं हेही त्यांतूनच ठरतं, आणि चुरशीच्या निकालानंतर कोणाच्या दुकानात जायचं नाही हेसुद्धा.

टोटलायझर असता तरी ४ जूनच्या रात्री सोनवणेंची मतं ६,८३,९५०च झाली असती, पंकजा मुंडे यांची ६,७७,३९७च आणि फरकही तोच ६,५५३. फक्त कोणत्या गावानं कोणाला किती दिली, हे कोणाच्याही मोबाइलवर आलं नसतं.