सत्तेचे जाळे मोजायला शिका

सत्ता कोणाच्या हाती आहे, हे आपण सभांतून सांगत आलो. ती त्याच हातांत कशी टिकते, हे पुराव्यानिशी दाखवणे संशोधकाचे काम आहे. त्यासाठी राज्यशास्त्राच्या आपल्या विद्यार्थ्यांनी 'सोशल नेटवर्क ॲनालिसिस', म्हणजे संबंधांच्या जाळ्याचा अभ्यास, शिकलाच पाहिजे.

ही पद्धत माणसांमधली नाती मोजते. चौकटीच्या वहीत उभी-आडवी तीच नावे लिहायची. दोघांत संबंध असेल तर १, नसेल तर ०. मग विचारायचे, सर्वाधिक नाती कोणाची? आणि इतरांना एकमेकांपर्यंत पोचायला कोणाच्या दारातून जावे लागते?

इटलीतील फ्लॉरेन्सचे उदाहरण घ्या. १४३४ साली तेथे मेदिची घराण्याने सत्ता मिळवली. स्ट्रोझी घराणे त्यांच्याहून श्रीमंत होते. मग मेदिची का जिंकले? पॅजेट आणि अँसेल या अभ्यासकांनी १९९३ साली तिथल्या बड्या घराण्यांची लग्ने व व्यवहार मांडून उत्तर दिले. ज्या घराण्यांची आपसात सोयरीक नव्हती, ती मेदिचींमार्फतच जोडली जात होती. मधली जागा त्यांची, म्हणून सत्ताही त्यांची!

लग्न आणि सत्ता यांचे नाते आपल्याला नवे नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म सजातीय विवाहात दाखवले. जात म्हणजे बाहेर जाणाऱ्या रेषा कापून टाकलेले जाळेच.

२०१२ साली अजित, डोंकर व सक्सेना यांनी देशातील १००० बड्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली. सुमारे ९३ टक्के संचालक उच्चजातीय निघाले. अनुसूचित जाती-जमातींचे अवघे ३.५ टक्के. ही खुर्च्यांची मोजणी झाली. त्या खुर्च्यांमधल्या सोयरिकी आणि शिफारशी मांडल्या, की 'गुणवत्ता' या शब्दाचे खरे वजन कळेल.

सुरुवात आपल्या तालुक्यापासून करा. साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षण संस्था यांच्या संचालकांच्या याद्या मिळवा. कोणती नावे पुन्हा पुन्हा येतात ते पाहा. 'गेफी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. मात्र रेषा दिसली म्हणजे गैरव्यवहार सिद्ध झाला, असे समजू नका. आणि चळवळीचे जाळे मांडाल तेव्हा कार्यकर्त्यांची नावे झाका. तोच नकाशा उद्या दडपशाहीच्या हाती पडू शकतो.

प्रस्थापितांनी आजवर आपली मोजदाद केली. आता त्यांच्या जाळ्याची मोजदाद आपल्या मुला-मुलींनी करावी.