फ्लॅश थॉम्पसनचा काळा पोशाख

ऑगस्ट १९६२मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग फॅन्टसी’ या कॉमिक्सचा १५वा अंक निघाला आणि स्पायडर-मॅन जन्माला आला. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिट्को. त्याच अंकात आणखी एक पोरगं वाचकांना भेटलं. सोनेरी केसांचं, अंगापिंडानं भरलेलं, शाळेचं लाडकं. चष्मा लावून पुस्तकात डोकं खुपसणाऱ्या पीटर पार्करची, म्हणजे पुढं स्पायडर-मॅन होणाऱ्या पोराचीच, चारचौघांत टिंगल करायची, हा त्याचा उद्योग. नाव यूजीन थॉम्पसन, पण सगळे त्याला फ्लॅश म्हणत. अमरावती-अकोल्याकडच्या शाळांतही असा एखादा पोट्टा असतोच. मास्तर वर्गाबाहेर गेले की राज्य त्याचं.

कथेत अशा पात्राला फार आयुष्य नसतं. नायकाला छळायचं, वाचकाच्या मनात नायकाविषयी कळवळा उभा करायचा आणि बाजूला व्हायचं. फ्लॅश बाजूला झाला नाही. पुढं ४९ वर्षांनी, २०११ साली, दोन्ही पाय गमावलेला सैनिक म्हणून तो परग्रहावरून आलेल्या एका काळ्या जिवाला अंगावर घेतो आणि ‘एजंट व्हेनम’ होतो. कॉमिक्सच्या दुनियेत दुय्यम पात्राला एवढी लांब आणि एवढ्या मायेनं लिहिलेली वाट क्वचितच मिळाली आहे.

तो काळा जीव म्हणजे सिम्बिओट. त्याची सुरुवात एका वाचकाच्या पत्रातून झाली. इलिनॉय राज्यातल्या रँडी शूलर या तरुणानं मार्व्हल या कॉमिक्स कंपनीला सुचवलं की स्पायडर-मॅनला एक काळा पोशाख द्या. तेव्हाचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी ती कल्पना २२० डॉलरला विकत घेतली. १९८४ साली तो पोशाख छापून आला. हे कापड नसून जिवंत प्राणी आहे, हे पुढं उघड झालं. मोठा आवाज आणि आग त्याला सोसत नाही. स्पायडर-मॅननं झिडकारल्यावर त्यानं एडी ब्रॉक नावाचा, स्पायडर-मॅनवरच खार खाऊन असलेला पत्रकार गाठला, आणि १९८८मध्ये ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ३००व्या अंकात डेव्हिड मिशेलिनी आणि टॉड मॅकफार्लेन यांचा व्हेनम पूर्ण रूपात उभा राहिला. लांब जीभ, सुळ्यांनी भरलेलं तोंड. तो चेहरा आज टी-शर्टांवरही दिसतो.

दोन जिवांनी एकमेकांत राहून जगायचं, ही कल्पना वऱ्हाडच्या वावरात कुणाला नवी नाही. सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियमचं जिवाणू संवर्धक चोळतात. महिना-दीड महिन्यानं एखादं झाड मुळासकट अलगद उपटलं तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यातली एक नखानं फोडली की आत गुलाबी-लालसर रंग असतो. गाठ जिवंत आहे, काम करते आहे, याची ती खूण. आतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवतं. दोघांचंही भागतं. मात्र प्रत्येक जोडी अशी नसते. अमरवेल झाडावर चढते ती रस शोषायलाच, आणि झाड वाळत जातं. व्हेनमच्या सगळ्या कथा याच दोन टोकांमध्ये घडतात: अंगावर आलेला जीव सोयाबीनच्या मुळातल्या गाठीसारखा वागणार की अमरवेलीसारखा? उत्तर पुष्कळदा ज्याच्या अंगावर तो आला त्या माणसावर ठरतं.

म्हणून फ्लॅश कोण होता, हे आधी बघावं लागतं.

पीटरला छळणारा हा मुलगा स्पायडर-मॅनचा मात्र वेडा भक्त होता. त्यानं स्पायडर-मॅनचं चाहता मंडळ काढलं. ज्याला आपण दिवसा हिणवतो त्याचीच आपण पूजा करतो आहोत, हे त्याला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. ही गोष्ट ली आणि डिट्को यांनी सुरुवातीला गंमत म्हणून घातली असेल, पण पुढच्या लेखकांना तिच्यात सोनं सापडलं. कॉलेजात दोघांची दोस्ती झाली. फ्लॅश सैन्यात गेला. मूळ कथेत व्हिएतनामला. परत आलेला फ्लॅश शांत झालेला होता, आणि पुढच्या काही दशकांत तो पीटरच्या सगळ्यांत जवळच्या मित्रांपैकी एक झाला.

त्याच्या दांडगाईमागचं घरही हळूहळू उघडं झालं. बाप हॅरिसन थॉम्पसन न्यूयॉर्कचा पोलीस, दारुडा. दारू चढली की पोरावर हात टाकायचा. घरी मार खाणारा मुलगा शाळेत मार देत होता. आणि मोठेपणी त्याच मुलानं बाटली जवळ केली.

बापाची दारू लेकराच्या आयुष्यात कशी उतरते, हे वऱ्हाडला कॉमिक्समधून शिकायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे झिंगराजी जाणोरकर दारूच्या पायी गेले, तेव्हा त्यांचा मुलगा डेबूजी जेमतेम आठ वर्षांचा होता. आईबरोबर तो मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडं वाढला. पुढं स्वतःच्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणं दारू-मटणाचं जेवण घालायला त्यानं नकार दिला आणि पंगतीला गोडाचं वाढलं. जातभाई नाराज झाले, तरी तो हटला नाही. हेच गाडगेबाबा. त्यांच्या कीर्तनात दारूचा विषय वारंवार येई, आणि त्यामागं पोरवयात पाहिलेलं घर होतं. न्यूयॉर्कच्या काल्पनिक फ्लॅशला बाबांसारखं एका झटक्यात बाजूला होता आलं नाही. तो व्यसनमुक्तीच्या गटात जातो, सावरतो, पुन्हा घसरतो, पुन्हा जातो. दारू सोडू पाहणाऱ्या बहुतेक माणसांची वाट अशीच असते, आणि म्हणून त्याची कथा खरी वाटते.

२००८ साली ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ५७४व्या अंकात फ्लॅश इराकमधल्या लढाईत आहे. लेखक मार्क गुगेनहाइम, चित्रं बॅरी किटसन यांची. जखमी साथीदाराला वाचवताना फ्लॅश स्वतः गोळ्या खातो आणि दोन्ही पाय गुडघ्यांखाली गमावतो. त्या क्षणी त्याला बळ देतो तो स्पायडर-मॅनचा आदर्श. संपूर्ण अंक दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितला आहे आणि पाय गेल्याचं वाचकाला शेवटाकडं कळतं.

महाराष्ट्रात सैनिकांच्या अशा दुसऱ्या आयुष्याची जुनी परंपरा आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७पासून अपंग सैनिकांना हातचा धंदा शिकवते आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४चं. आणि मुरलीकांत पेटकर तर सगळ्यांना माहीत आहेत. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालेला सांगली जिल्ह्यातला हा जवान १९७२च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आला. पेटकरांना पाण्यात कुणी पाय आणून दिले नव्हते. फ्लॅशला मात्र अमेरिकन सरकार पाय देऊ करतं, आणि सगळी परीक्षा तिथून सुरू होते.

‘प्रोजेक्ट रिबर्थ’ या गुप्त योजनेखाली लष्कराकडं व्हेनमचा सिम्बिओट आहे आणि त्याला पेलणारा सैनिक हवा आहे. फ्लॅश हो म्हणतो. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या अंगावर तो काळा जीव पसरतो, गुडघ्यांखाली स्वतःच्याच अंगाचे पाय घडवतो, आणि फ्लॅश उभा राहतो. कामगिरी संपली, जीव उतरवला, की पुन्हा खुर्ची. अटी कडक आहेत. एका वेळी ४८ तासांपेक्षा जास्त पोशाख अंगावर ठेवायचा नाही. जास्त काळ राहिला तर तो कायमचा चिकटेल. ताबा सुटला तर वरिष्ठांच्या हाती स्फोटाचं बटण आहे.

मार्च २०११मध्ये रिक रेमेंडर या लेखकानं आणि टोनी मूर या चित्रकारानं ‘व्हेनम’ची नवी मालिका सुरू केली. पहिल्याच अंकात ताबा सुटतो. जॅक ओ’लँटर्न नावाच्या मारेकऱ्याशी झुंजताना फ्लॅश रागाच्या भरात त्याच्या तोंडात बॉम्ब कोंबतो. मारेकरी वाचतो, पण विद्रूप चेहऱ्यानं, आणि जन्माचा वैरी होतो. सिम्बिओट रागावर पोसतो, दारूही रागाला वाट देते. रेमेंडरनं हे दोन ओढे एकाच माणसात आणून सोडले. पाय हवेत म्हणून पोशाख हवा, आणि पोशाख जितका हवासा वाटतो तितका धोका मोठा. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ किंवा जादूगार मँड्रेक मराठीत वाचत वाढलेल्या पिढीचा नायक मनानं स्वच्छ होता. त्याची लढाई बाहेरच्या दुष्टाशी. फ्लॅशची अर्धी लढाई स्वतःच्या कातडीखाली चालते. खलनायकाची ताकद घेऊन चांगलं काम करू पाहणारा आणि त्या ताकदीला रोज घाबरणारा हा नायक आहे.

पुढं तो सीक्रेट अ‍ॅव्हेंजर्स या महानायकांच्या पथकात गेला, गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी या दुसऱ्या पथकाबरोबर अंतराळात गेला. त्या भव्य मोहिमांपेक्षा मधला फिलाडेल्फियाचा काळ जास्त मोलाचा आहे. लेखक तेव्हा कलन बन होते. फ्लॅश तिथं शाळेत व्यायाम शिक्षक होतो. अँडी बेंटन नावाची एकटी पडलेली, चिडकी विद्यार्थिनी त्याच्या नजरेत भरते आणि तो तिच्या पाठीशी उभा राहतो. शाळेच्या आवारात दुबळ्यांना छळणारा मुलगा तशाच एका आवारात मास्तर म्हणून परत येतो, ही कल्पना सुचलेल्या माणसाला मनापासून दाद द्यावीशी वाटते. पुढं सिम्बिओटचा एक अंश अँडीलाही चिकटतो, आणि आपल्यामुळं एका लेकराच्या वाट्याला हे आलं, ही टोचणी फ्लॅशला लागून राहते.

२०१६मध्ये सिम्बिओट त्याच्यापासून तुटला आणि नंतर एडी ब्रॉककडं परतला. फ्लॅश काही काळ ‘अँटी-व्हेनम’ झाला. या रूपाची ताकद जखमा बऱ्या करण्याची होती. २०१८मध्ये ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ८००व्या अंकात, लेखक डॅन स्लॉट, तो रेड गॉब्लिन या खलनायकाशी लढताना मरण पावला. मित्र पीटर हाच आपला आदर्श स्पायडर-मॅन, हे तेव्हा त्याला कळलेलं होतं, आणि तो पीटरच्या हातांतच गेला. कॉमिक्समध्ये मरण कायमचं नसतं. २०२१च्या ‘किंग इन ब्लॅक’मध्ये लेखक डॉनी केट्स यांनी त्याला परत आणलं.

चित्रपटांनी यातलं फारसं काही घेतलेलं नाही. २००२मध्ये जो मँगनिएलो, २०१२मध्ये ख्रिस झिल्का, २०१७पासून टोनी रेव्होलोरी अशा तिघांनी पडद्यावर फ्लॅश केला, पण शाळेतल्या टवाळीपलीकडं त्याला फारसं नेलं नाही. एजंट व्हेनम पडद्यावर पाहायचा तर ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ ही कार्टून मालिका आहे. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ २०२३मध्ये मराठीतूनही प्रदर्शित झाला, त्यामुळं इथल्या मुलांना स्पायडर-मॅन आता आपल्या भाषेतही बोलताना ऐकू येतो. त्यांच्यातल्या जरा मोठ्यांनी, इंग्रजी वाचू शकणाऱ्यांनी, २०११च्या ‘व्हेनम’चे पहिले पाच अंक मिळवून वाचावेत. पाचव्यात मारामारी कमी आहे. तो दारूनं पोखरलेल्या म्हाताऱ्या बापाचा आणि त्याला शोधत निघालेल्या लेकाचा अंक आहे.