श्वसनपिशवीची पीप झडप आणि विक्रीपूर्व अनुज्ञा

श्वास बंद पडलेल्या रुग्णास हाताने श्वास पुरविणारी पिशवी आज रुग्णवाहिकेपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत सर्वत्र आढळते. डेन्मार्कमधील अभियंता होल्गर हेसे व भूलतज्ज्ञ हेनिंग रूबेन यांच्या प्रयत्नांतून ती १९५६ मध्ये ‘अँबू’ या नावाने बाजारात आली. दाबून सोडताच आपोआप फुगणारी पिशवी आणि आत जाणारी व बाहेर येणारी हवा अलग ठेवणारी एकमार्गी झडप, ही या साधनाची दोन मुख्य अंगे होत.

या झडपेच्या उच्छ्वासमार्गावर बसवावयाचे एक लहानसे उपसाधन म्हणजे ‘पीप’ झडप. रुग्णाकडील दाब ठराविक पातळीखाली उतरताच तिच्यातील स्प्रिंग उच्छ्वासमार्ग बंद करते. त्यामुळे उच्छ्वासाच्या अखेरीस फुप्फुसात थोडा दाब शिल्लक राहतो व वायुकोश मिटत नाहीत. हा दाब सामान्यतः पाण्याच्या ५ ते २० सेंटीमीटर उंचीच्या स्तंभाइतका ठेवता येतो. तो प्रमाणाबाहेर गेल्यास मात्र हृदयाकडे परतणाऱ्या रक्तास अडथळा होतो व फुप्फुसास इजा पोहोचण्याचा संभव असतो.

नियमनाची खरी अडचण येथेच आहे. पीप झडप जोडलेली नसताना श्वसनपिशवीतून उच्छ्वासास होणारा विरोध सुमारे ५ सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावा, अशी आयएसओ १०६५१-४ या आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. उलट, विरोध निर्माण करणे हेच पीप झडपेचे कार्य होय. मूळ साधनात जो दोष, तोच उपसाधनात गुण ठरतो. म्हणूनच अशा झडपेची पारख केवळ सुटी ठेवून करता येत नाही. ती ज्या पिशवीवर बसावयाची, तिच्यासह करावी लागते.

अमेरिकेत २८ मे १९७६ च्या वैद्यकीय साधनविषयक दुरुस्तीने अशा वस्तूंची धोक्यानुसार तीन वर्गांत विभागणी झाली. हाताची श्वसनपिशवी (नियम ८६८.५९१५) व पीप उपसाधन (नियम ८६८.५९६५) यांची नोंद स्वतंत्र असली, तरी दोन्ही दुसऱ्याच वर्गात येतात. उत्पादकाने विक्रीपूर्वी किमान ९० दिवस अन्न व औषध प्रशासनास कलम ५१०(के) अन्वये सूचना द्यावयाची असते. आपले साधन पूर्वीपासून कायदेशीरपणे विकल्या जाणाऱ्या साधनाशी सारतः समतुल्य आहे, हे तीत दाखवावे लागते. उद्दिष्ट एकच असावे आणि रचनेतील भेदामुळे सुरक्षिततेविषयी वेगळे प्रश्न उद्भवू नयेत, हे या तुलनेचे सूत्र होय. झडपेवर लावलेला दाब व प्रत्यक्ष मोजलेला दाब यांचा मेळ, प्रवाह बदलला असता होणारा फरक, जोडांची मापे, पडझड व तापमान सोसण्याची क्षमता, असे पुरावे येथे उपयोगी पडतात.

या अनुज्ञेचा अर्थ मात्र मर्यादित आहे. ती शासकीय प्रशस्ती नव्हे. तसा भास निर्माण करणारी जाहिरात नियम ८०७.९७ नुसार दिशाभूल ठरते. ही प्रक्रिया सुरक्षिततेपेक्षा समतुल्यतेवर केंद्रित आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये मेडट्रॉनिक विरुद्ध लोर या खटल्यात नमूद केले.

सारांश, अनुज्ञेतून तुलना सिद्ध होते. रुग्णाच्या फुप्फुसातील दाब सिद्ध होत नाही. मुखवट्याच्या कडेने हवा निसटत असेल, तर झडपेवरील आकडा १० असूनही तो दाब टिकत नाही. अनुज्ञापत्रातील उद्दिष्ट वाचणे, झडप कोणत्या पिशवीसाठी आहे हे पाहणे आणि शक्य तेथे दाबमापक जोडणे, ही जबाबदारी अखेर साधन हाती धरणाऱ्याचीच राहते.